खालचे दोन खण बोलतात

जालन्याच्या कादराबादेत आमचं जुनं घर आहे. त्याच्या माजघरात भिंतीशी एक खणांचं कपाट उभं आहे. वर शेजारी शेजारी दोन छोटे खण, त्यांच्याखाली एक लांब आणि त्याखाली आणखी दोन लांब, असे एकूण पाच. लहानपणी दिवाळीच्या सुटीत माझा एक उद्योग ठरलेला असे. सगळ्यात खालचा खण जोर लावून आत लोटायचा आणि त्याच्या वरच्या खणाकडे टक लावून बघत बसायचं. कुणी हात न लावता तो खण हळूच दोन बोटं पुढे यायचा. मग तो लोटायचा, की खालचा बाहेर. दुपारभर हेच.

आजी मेथी निवडता निवडता म्हणायची, “बोलायलेत ते दोघं. तू मधी पडू नको.”

वरचे तीन खण मात्र मुके. त्यांना कितीही लोटा, खालचे ढिम्म हलत नसत. आणि खालच्यांचं बोलणंही बारा महिने चालत नसे. मे महिन्यात खण लोटला की सरळ आत जाई, उत्तर नाही. आषाढ-श्रावणात तर तो उघडायलाच दोन माणसं लागत. गप्पा रंगायच्या त्या दिवाळीच्या आगेमागे. उन्हाळ्यात ते झोपतात आणि पावसाळ्यात रुसतात, असा माझा तेव्हाचा सिद्धांत होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, हे कळायला मला चाळीसेक वर्षं लागली.

त्यातली सोपी गोष्ट आधी सांगते. खालचे दोन खण एकाच बंद पेटीत आहेत आणि त्यांच्यामध्ये सलग फळी नाही. पाठीमागची फळी घट्ट बसवलेली आहे. खणही इतके बेताचे की कडेनं हवा पटकन निसटत नाही. म्हणजे खण लोटणं हे सायकलच्या पंपाचा दट्ट्या दाबण्यासारखंच झालं. आमच्या खणाचं तोंड साधारण 95 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर उंच, म्हणजे 1900 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे एक किलोचा असतो, पण तो आतून-बाहेरून सारखाच असल्यामुळे कुणाला जाणवत नाही. आतला दाब हजारात फक्त एका भागानं वाढला, तरी दुसऱ्या खणाला आतून जवळजवळ दोन किलोचा रेटा बसतो. मेण लावलेला खण हलायला तेवढा पुष्कळ झाला. जुन्या लाकडी सामानाचे पारखी दुकानात शिरले की पहिल्यांदा हेच करून बघतात. एक खण लोटला आणि दुसरा पुढे आला, की करणाऱ्याचा हात चांगला होता असं समजतात.

आता थोडं ‘खण’ या शब्दाबद्दल. वाड्याच्या दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, म्हणून माडी पाच खणी किंवा सात खणी. ओटीत नारळासोबत पडतो तो चोळीचा खण. आणि कपाटातून ओढायचा तोही खणच. आजीच्या डावीकडच्या छोट्या खणात चोळीचे खण असत, त्यामुळे “खणातला खण आण” हे वाक्य ऐकून आमच्या घरात कुणी चमकत नसे.

शब्द आपला असला तरी वस्तू आपली नव्हे. आपल्या घरात सामान एकतर भिंतीत जायचं, म्हणजे कोनाड्यात किंवा फडताळात. नाहीतर पेटीत, संदुकीत, पेटाऱ्यात. धान्य-धुन्य उतरंडीला. आपण जमिनीवर बसणारी माणसं, त्यामुळे वरून झाकण उघडायची पेटी आपल्याला सोयीची. पण पेटीची एक खोड आहे. हवी असलेली वस्तू नेमकी तळाशी असते. लग्नातला शालू काढायचा तर वरच्या गोधड्या, धोतरं, पाहुण्यांच्या चादरी सगळ्यांना आधी बाहेर यावं लागतं. युरोपातही सुरुवातीला झाकणाच्या पेट्याच होत्या. कुणीतरी कंटाळून पेटीच्या तळाशी एक सरकता खण बसवला, मग दोन बसवले, आणि सतराव्या शतकात झाकण गळून पडलं आणि नुसते खणच उरले. गोव्यात पोर्तुगीजांसाठी आपल्याकडचे कारागीर त्याच शतकात छोट्या छोट्या खणांची, हस्तिदंत आणि काळं लाकूड जडवलेली देखणी कपाटं करत होते. तिथून किंवा मुंबईहून खणांची कल्पना इकडे आली असती तर नवल नव्हतं. आमच्या जालन्यात मात्र ती सैन्याबरोबर आली.

जालना निजामाच्या राज्यात होतं आणि एकोणिसाव्या शतकात इथे मोठी छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाचं जे सैन्य निजामाच्या खर्चानं पोसलं जाई, त्याचे शिपाई हिंदुस्थानी आणि अधिकारी इंग्रज. गावाजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली, तिच्यामुळे स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांचीही ये-जा असे. 1903 मध्ये कंटिंजंट मोडून हिंदुस्थानच्या फौजेत मिसळून टाकण्यात आलं. साहेबाची बदली झाली किंवा साहेब वारला, की त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा, ही त्या काळची रीतच होती. माझ्या पणजोबांची अडत होती. म्हणे अशाच एका लिलावात त्यांनी हे कपाट घेतलं, आणि म्हणे घेताना त्यांना एवढंच सांगण्यात आलं की ‘अस्सल महोगनी’ आहे. तेव्हापासून आमच्या घरात त्याला कपाट कुणी म्हणत नाही. ‘महोगनीत ठेव’, ‘महोगनीतून आण’ असंच चालतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात घर रंगवायला काढलं. कपाट हलवायला मिस्त्री दोन पोरं घेऊन आले. त्यांनी कपाटाला एक फेरी मारली, बाजूच्या पितळी कड्या चाचपल्या आणि म्हणाले, “ताई, हे एक कपाट नाहीच. दोन हायेत.” कड्या धरून दोघांनी वरचा भाग उचलला आणि चादरीवर ठेवला. माजघरात दोन पेट्या झाल्या, एकीत तीन खण आणि दुसरीत दोन. चार पिढ्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण जोडावरची फट पितळेच्या पट्टीआड लपलेली. वरचे खण खालच्यांना उत्तर का देत नाहीत, ते त्या क्षणी कळलं. त्यांच्यात हवेचा व्यवहारच नव्हता.

मग वाचायला बसले. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेतले अधिकारी अशी मोडणी-जोडणीची लाकडी चीजवस्तू घेऊन हिंडत. घडीच्या खुर्च्या, पाय सुटणारी टेबलं, तुकड्यातुकड्यांचे पलंग आणि दोन भागांची ही खणांची कपाटं. एकदा प्रवासाची वस्तू म्हणून बघितलं की तिच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट बोलायला लागते. कोपऱ्यांना पितळ शोभेसाठी नाही, गाडीत आपटून कोपरा उडू नये म्हणून. खणांच्या मुठी बाहेर आलेल्या नाहीत, लाकडात खोबणी करून त्यात बुडवलेल्या, म्हणजे दुसऱ्या सामानाला अडकणार नाहीत. पाय चक्क आट्यांचे, फिरवले की निघतात आणि खणात ठेवता येतात. दोन सारख्या वजनाच्या पेट्या उंटाच्या दोन अंगांना लटकवता येतात. मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडाशी आली. त्याआधी इथे जे काही यायचं ते बैलगाडीनं किंवा जनावराच्या पाठीवरून.

या सामानाचा पसारा केवढा असे, त्याचा अंदाज आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्रसंगावरून येतो. भोकरदन तालुक्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीनं, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. निघण्यापूर्वी त्यानं सगळं सामानसुमान नळणी गावात ठेवलं. माणसांची इतकी टंचाई असतानाही त्यावर पहारा म्हणून पलटण मागे ठेवावी लागली. पुढे केळणा नदीला उतार नाही असं वाटाड्ये सांगत असताना, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे ये-जा असणारच, एवढ्या तर्कावर त्यानं पाणी ओलांडलं. शाळेत ही लढाई आम्हाला तारखेपुरती शिकवली. नळणीच्या पहाऱ्यातल्या त्या खोक्या-पेट्यांकडे माझं लक्ष गेलं ते आमचं कपाट दोन तुकड्यांत माजघरात पडल्यावरच.

आता महोगनी.

हे झाड मूळचं वेस्ट इंडीजच्या बेटांवरचं आणि मध्य अमेरिकेतलं. 1721 मध्ये इंग्लंडनं आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. हेतू आरमाराचा होता, फायदा सुतारांचा झाला. जमैकातून जहाजं भरभरून लाकूड येऊ लागलं आणि दोन पिढ्यांत इंग्रजी घरातलं ओक मागे पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमैकातली चांगली झाडं संपत आली होती. मग क्यूबा, मग होंडुरास. होंडुरासच्या जंगलात महोगनीची झाडं एकगठ्ठा नसतात, लांब लांब अंतरावर एखादंच उंच झाड. ते शोधायला खास माणूस असे. ऑगस्टच्या सुमारास तो जंगलातल्या सगळ्यात उंच झाडावर चढे आणि चौफेर बघे. त्या दिवसांत महोगनीची पानं पिवळसर-तांबूस होतात आणि हिरव्या समुद्रात तेवढेच शेंडे वेगळे दिसतात. शेंडा हेरायचा, दिशा मनात धरायची आणि खाली उतरून, वाट नसलेल्या रानातून, नेमकं त्याच बुंध्याशी जाऊन पोचायचं. हे काम करणारे बहुतेक जण आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. आजच्या बेलीझ देशाच्या झेंड्यावर महोगनीचं झाड आणि दोन लाकूडतोडे आहेत, ते याच इतिहासामुळे. इंग्रजी दिवाणखान्यातल्या त्या लालसर चकाकीबद्दल लिहिणारे हा भाग बहुधा गाळतात.

एवढ्या खटाटोपाचं मोल त्या लाकडात काय होतं? खण दिवाळीतच का बोलतात, याचंही उत्तर इथेच आहे.

लाकूड मेल्यावरही पाणी पितं. त्याचे तंतू म्हणजे कडब्याची पेंढी समजा. ओल लागली की प्रत्येक ताट जाडीनं फुगतं, लांबीत काही फरक पडत नाही. फळीचंही तसंच. तंतूंच्या दिशेनं ती जवळपास तेवढीच राहते, आडवी मात्र फुगते आणि आकसते. खणाच्या तोंडाच्या फळीत तंतू आडवे असतात, म्हणून तिची उंची ऋतूप्रमाणे बदलते. आमच्या जालन्याला एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मीठ पाझरतं. 20 सेंटिमीटर उंचीच्या फळीत या दोन टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. उन्हाळ्यात फट रुंदावते, हवा कडेनं पळून जाते आणि खण गप्प होतो. पावसाळ्यात फटच उरत नाही आणि खण अडकतो. मधल्या काळात, पाऊस ओसरून थंडी लागण्याच्या बेतात, फट नेमकी कागदाएवढी होते. दिवाळीचं गुपित ते एवढंच.

कपाटं करणाऱ्यांचं सगळं जन्मभराचं भांडण या हालचालीशी आहे. तिला थांबवता येत नाही, वाट करून द्यावी लागते. म्हणून खणाच्या तळाची फळी कधी खिळ्यांनी चारी बाजूंनी ठोकत नाहीत, खोबणीत मोकळी सरकवतात. ठोकलेली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध चिरली असती. खणाचे कोपरे जोडताना एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते कापतात आणि दुसऱ्या फळीत त्याच आकाराच्या खाचा. इंग्रजीतून आलेलं डव्हटेल हे नाव त्यावरूनच. खण ओढला की जोर नेमका या सांध्यावर येतो, पण दाते पुढे रुंद असल्यामुळे निसटू शकत नाहीत. सरस वाळून भुकटी झाला तरी खण हातात सुटा होऊन येत नाही.

महोगनी इथे कामाला येते. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत किती आकसतं, याची मापं काढलेली आहेत. इंग्रजांचं लाडकं ओक एका दिशेनं चार-पाच टक्के आणि दुसऱ्या दिशेनं आठ-नऊ टक्के आकसतं. महोगनी तीन आणि चार. आकसणं कमी, आणि दोन्ही दिशांना जवळपास सारखं, त्यामुळे फळीला पीळ पडत नाही की ती पन्हाळीसारखी वाकत नाही. शिवाय बुंधे इतके रुंद की टेबलाचा अख्खा माथा एका फळीत निघावा. करवतीला मऊ, पटाशीला आज्ञाधारक, वाळवीला नकोसं. आपल्या सागवानातही यातले बरेच गुण आहेत. स्थिरपणात ते कुठेच कमी नाही आणि मला तर सागाचा तेलकट वासही आवडतो. पण सागाला महोगनीसारखी झळाळी नाही.

ती झळाळी प्रत्यक्ष बघायला हवी. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या माजघरात झरोक्यातून तिरपं ऊन येतं. वरच्या लांब खणाच्या तोंडावर तेव्हा आडवे पट्टे दिसतात, एक गडद, एक उजळ. दोन पावलं डावीकडे सरका. गडद होता तो पट्टा उजळतो आणि उजळ होता तो काळवंडतो. लाकडावर काही रंगवलेलं नाही, वर हात फिरवला तर आरशासारखं सपाट. हे झाड वाढताना त्याचे तंतू सरळ वर जात नाहीत. काही वर्षं ते खोडाभोवती उजवीकडे तिरके चढतात, मग काही वर्षं डावीकडे. अशा बुंध्याचा काप काढला की शेजारशेजारच्या पट्ट्यांतले तंतू उलटसुलट कललेले असतात आणि प्रत्येक पट्टा उजेड वेगळ्या दिशेला परतवतो. पैठण आमच्यापासून लांब नाही, तेव्हा पैठणीचाच दाखला देते. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून पदर हलवला की हिरव्याचा जांभळा होतो. विणकर हे ठरवून करतो, महोगनीच्या झाडात ते आपोआप घडतं. आजीची पैठणी त्याच खणात होती.

रंगाची आणखी एक गंमत. ताजी महोगनी फिकट गुलाबी-तपकिरी असते. उजेड आणि हवा लागत गेली की वर्षांगणिक लाल होत जाते. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या तोंडाची आतली बाजू बघा, ती अजून कोवळी आहे. म्हणजे एकाच फळीला पुढून दीडशे वर्षांचं वय आणि मागून पंधरा. आणि वरची ती प्रसिद्ध इंग्रजी चकाकी? ती लाखेची. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर राहणारे किडे जी लाख करतात, तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. लाकूड जमैका-होंडुरासचं, चकाकी हिंदुस्थानातल्या किड्याची, आणि मिरवायचं लंडनला.

हे सगळं वाचून मी आमच्या ‘महोगनी’कडे मोठ्या अभिमानानं बघू लागले. तेवढ्यात मिस्त्रींनी खोडा घातला.

रंगकाम संपून दोन्ही पेट्या परत एकमेकींवर चढवायच्या होत्या. मिस्त्रींनी खालच्या पेटीचा खण उलटा केला, नखानं खरवडला, नाकाशी नेला आणि मला म्हणाले, “वरचं लाकूड वेगळं हाय ताई. याचा वास बघा.” वास होता. गोडसर, थोडा मिरमिरीत, जुन्या वहीच्या पेटीसारखा. वरच्या खणांना कसलाच वास नाही. मग त्यांनी दोन्ही खणांचे सांधे शेजारी धरून दाखवले. वरच्या पेटीतले दाते बारीक आणि टोकाकडे सुईसारखे निमुळते, खालच्या पेटीतले मोठे, सैलसर, कमी. “दोन हातांचं काम हाय,” एवढं बोलून ते चहाकडे वळले.

माझी मावसबहीण वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे. खणांच्या न दिसणाऱ्या कडांवर मिस्त्रींनी पटाशीनं काचेसारखा गुळगुळीत काप घेतला आणि आम्ही दोघी आळीपाळीनं डोळा लावून बसलो. वरच्या लाकडात छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली, जणू तांदळाच्या पिठाची चाळण. अधूनमधून एखादी फिकट बारीक रेघ, वर्षाची खूण. काही छिद्रांत गडद लाल डिंक साठलेला. ही महोगनीच. खालच्या लाकडात मात्र प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला मोठाल्या छिद्रांची रांग, मग बारीक होत जाणारी, मग पुन्हा मोठी रांग. थंडीत पानं गाळून वसंतात घाईनं पाणी ओढणाऱ्या झाडाची ही सही. “तूण आहे ग हा,” बहीण म्हणाली.

तूण आपल्याकडचा. सह्याद्रीत आहे, हिमालयाच्या पायथ्याशी आहे, आणि पार ऑस्ट्रेलियातही आहे. तिथे याच झाडाला लाल सीडर म्हणतात. लाकूड हलकं, तांबूस, सुवासिक. सिगारच्या डब्यांना आणि चहाच्या खोक्यांना ते वापरत. इंग्रजांनी त्याला सरळ ‘इंडियन महोगनी’ असं नाव देऊन टाकलं आणि बाजारात अर्धं नाव गळून नुसतं महोगनी उरलं. पणजोबांना कुणी फसवलं असं म्हणवत नाही. वरची पेटी बाहेरून आली, खालची बहुधा वाटेत कुठेतरी फुटली किंवा हरवली, आणि कुण्या देशी सुतारानं वरचीला शोभेल अशी दुसरी करून दिली. जुन्या वस्तूंच्या व्यापारात अशा जोडीला ‘लग्न लावलेलं कपाट’ म्हणतात आणि त्याची किंमत निम्म्यावर येते. लग्न शंभर वर्षांच्या वर टिकलं, हे तिथे जमेला धरत नाहीत.

बहिणीनं मग खरा धक्का दिला. महोगनी आणि तूण एकाच कुळातले. त्या कुळात बकाण आहे, आपल्या माळावरचा रोहण आहे, आणि कडुलिंबही आहे. आमच्या अंगणात कडुलिंबाचं झाड आहे, ज्याचा पाला आजी दर उन्हाळ्यात सावलीत वाळवून खणांत पसरायची. हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याला त्याच्याच चुलत भावाची पानं घालत होती. ज्याच्या नावानं हा सगळा दिमाख, ते महोगनीचं झाडही काही परकं राहिलेलं नाही. 1795 मध्ये जमैकातून आणलेली रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लागली आणि तिथून ती देशभर गेली. आता मराठवाड्यातले रोपवाटिकावाले शेताच्या बांधावर महोगनी लावा म्हणून मागे लागतात. पंधरा वर्षांत कोट्यवधी, असा हिशेबही मांडून दाखवतात. जंगली महोगनीच्या जागतिक व्यापारावर 2003 पासून कडक परवाने आहेत, त्यामुळे लावलेल्या झाडांना भाव येईल हे खरं असेल. पण पंधरा वर्षांच्या झाडात तो धूपछाव पट्टा शोधायला गेलात तर निराश व्हाल.

मला जास्त छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आजीनं आयुष्यभर पैठणी, शालू आणि चोळीचे खण वरच्या पेटीत ठेवले आणि लोकरीचं सगळं, म्हणजे शाली, आजोबांचा कोट, बाळंतपणातली कुंची, खालच्या दोन खणांत. मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, “खालच्यात कसर लागत नाही.” मी ते ऐकून सोडून दिलं होतं. सुवासिक लाकडाची पेटी लोकर राखते, हे तिला भिंगाशिवाय माहीत होतं. कपाटात दोन लाकडं आहेत, हेही बहुधा माहीत असावं. तिला कुणी कधी विचारलं नाही.

आईच्या लग्नात घरात लोखंडी कपाट आलं. गोदरेजनं ती 1923 पासून करायला घेतली होती, आमच्याकडे पोचायला अर्धं शतक गेलं. आता तर जालना म्हटलं की लोक सळयांचं गाव म्हणून ओळखतात. लोखंडी कपाटाला कुलूप चांगलं, आरसा आहे, वाळवीची भीती नाही, आणि ते ऋतू बघून वागत नाही. दागिने आणि कागदपत्रं तिकडे गेली. जुन्या कपाटात राहिलं ते रोजचं आणि ज्याला किंमत नाही ते. बटणं, सुयांचा डबा, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आजोबांचा चष्मा, न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा. माझ्या मुलीनं एक छोटा खण मोबाइलच्या तारांना दिला आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा लोखंडी कपाटाकडे बघतही नाही आणि याच्यावरून मात्र हात फिरवतो. मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलंय. आधी तळवा सपाट ठेवून, मग बोटांनी पितळेचा कोपरा चाचपून.

गेल्या आषाढात खालचा खण असा रुतला की शाली काढता येईनात. मी मिस्त्रींना फोन केला, म्हटलं येऊन वरच्या कडेवर रंधा मारून द्या. ते म्हणाले, “आत्ता मारला तर उन्हाळ्यात खुळखुळा होईल. पाऊस उलगडू द्या, मग बघू.” तोवर खणाच्या कडांना मेणबत्ती फिरवा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ते आले भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, रंध्याची पिशवी घेऊन. कपाटासमोर उकिडवे बसले आणि खालचा खण लोटला. वरचा दोन बोटं पुढे आला. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग तो लोटला, खालचा आला. पुन्हा लोटला. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी पिशवी मागे सरकवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “ताई, चकल्या उरल्यात का?”